शेवट गोड करा!

ज्याचा शेवट गोड तें सारेंच गोड, ही म्हण आपल्या घरांतल्या लहान मुलांसही पाठ असते. लग्नांत मानापमान झाले, पंगतींत कोणी रुसलें, व्याह्यांनीं डोळे वटारले, तरी वरात नीट निघाली म्हणजे मागचें सारें पोटांत घालावें, इतपत संसारांत तिचा उपयोग आहे आणि तो आम्ही नाकारीत नाहीं. परंतु हीच म्हण हातीं धरून कोणी एखाद्या नाटककाराचें चरित्र लिहूं लागला म्हणजे तो नाटककाराचा वकील न राहतां त्याच्या प्रतिपक्षाचा वकील बनतो. अॅलिस चिल्ड्रेस या अमेरिकन नटी, नाटककर्त्री व दिग्दर्शिका यांच्याविषयीं गेल्या कांहीं वर्षांत जें लिहिलें गेलें आहे, त्यांतील बरेंचसें या जातीचें आहे. आणि तें तसें आहे हें स्पष्ट बोलून दाखवावें म्हणून हा लेख.

हकीगत थोडक्यांत अशी. बाईंचें ‘ट्रबल इन माइंड’ हें नाटक १९५५ च्या नोव्हेंबरांत न्यूयॉर्कमधील एका लहानशा नाट्यगृहांत झालें. तें चाललें, आणि १९५७ सालीं ब्रॉडवेवर, म्हणजे अमेरिकन रंगभूमीच्या राजमार्गावर, नेण्याचें ठरलें. तें त्या सालीं तेथें गेलें नाहीं. गेलें २०२१ च्या नोव्हेंबरांत. मध्यें ६४ वर्षें लोटलीं, आणि बाई तर १९९४ सालींच वारल्या होत्या. २०२१ चा प्रयोग उत्तम वठला, ला शॅन्झ या नटीनें प्रमुख भूमिका केली, रसिकांनीं डोक्यावर घेतलें. आणि मग लेखण्या सरसावल्या. ‘उशिरा कां होईना, न्याय झाला’, ‘विस्मृतींत गेलेलें रत्न सांपडलें’, अशा सुरांत गोडवे गाण्यांत आले. या दोन्ही वाक्यांविरुद्ध आमची तक्रार आहे. न्याय झाला नाहीं, आणि रत्न हरवलेलेंही नव्हतें. जें नाकारलें गेलें त्यास हरवलें म्हणणें ही नाकारणाराची सोय आहे.

बाईंच्या घडणीविषयीं चार शब्द सांगितल्याशिवाय पुढचें नीट कळणार नाहीं. त्या १९१६ सालीं दक्षिण कॅरोलायना संस्थानांतील चार्ल्स्टन येथें जन्मल्या. आईबाप विभक्त झाल्यावर नवव्या वर्षीं आजीबरोबर न्यूयॉर्कच्या हार्लेम वस्तींत आल्या. ही आजी म्हणजे त्यांची पहिली शाळा. खिडकींत बसावें, रस्त्यानें जाणारा एखादा माणूस दाखवावा आणि नातीला विचारावें, हा कोठें चालला असेल, याच्या मनांत काय असेल, सांग पाहूं! खरी शाळा मात्र मध्येंच सुटली. पोटासाठीं बाईंनीं घरकाम केलें, छायाचित्रांवर हात फिरविण्याचें काम केलें, दुकानांत विक्री केली, विम्याची एजंटगिरी केली. १९४० सालीं हार्लेमच्या सार्वजनिक वाचनालयाच्या तळघरांत ‘अमेरिकन नीग्रो थिएटर’ ही संस्था उभी राहिली. तिच्यांत बाई शिरल्या आणि सुमारें दहा-अकरा वर्षें राहिल्या. तेथें नट झाडूही मारी, कपडेही शिवी आणि पडदेही ओढी. १९४४ सालीं या संस्थेचें ‘अॅना लुकास्टा’ हें नाटक ब्रॉडवेवर गेलें व त्याचे ९५७ प्रयोग झाले. त्यांत ब्लँश ही भूमिका बाईंची होती.

येथें एक गोष्ट सहज सांगावीशी वाटते. या भूमिकेसाठीं बाईंचें नांव टोनी पारितोषिकाकरितां सुचविलें गेलें होतें, असें त्यांच्या कित्येक परिचयांत छापलेलें आढळतें. ‘अॅना लुकास्टा’ रंगभूमीवर आलें १९४४ सालीं. आणि टोनी पारितोषिकें सुरू झालीं १९४७ सालीं! तीन वर्षें आधीं जन्मलेलें हें पारितोषिक एका परिचयांतून दुसऱ्या परिचयांत बिनदिक्कत उतरत गेलें आहे. जन्मसालाचीही तीच गत: कोणी १९१६ देतो, कोणी १९२०. ज्या लेखिकेवर एवढें प्रेम उतूं जात आहे तिच्या चरित्रांतील एक तारीख ताडून पाहण्याची तसदी कोणीं घ्यावयाची? परंतु मुद्दा निव्वळ हयगयीचा नाहीं. तें खोटें पारितोषिक कोणाला हवें आहे पाहा. ज्याला चरित्र गोड करावयाचें आहे त्यालाच हवें आहे.

आतां बाईंच्या लेखणीकडे वळूं. १९४९ सालचें ‘फ्लॉरेन्स’ हें त्यांचें पहिलें एकांकी नाटक एका वादांतून जन्मलें. संस्थेंतील कांहीं सहकाऱ्यांचें म्हणणें असें पडलें कीं, काळ्यागोऱ्यांच्या प्रश्नावर नाटक रंगवावयाचें तर जीवन-मरणाचाच प्रसंग हवा; जमावानें माणसास पकडून झाडाला लटकावण्यासारखें कांहीं घडल्याशिवाय प्रेक्षक हलणार नाहीं. बाईंना हें पटलें नाहीं. त्यांनीं एका रात्रींत नाटक लिहून काढलें आणि स्वतः दिग्दर्शित केलें. दक्षिणेंतल्या एका लहान स्टेशनावरची प्रतीक्षा-खोली, मध्यें कठडा, एका बाजूस गोऱ्यांचीं बाकें, दुसऱ्या बाजूस काळ्यांचीं. एक काळी म्हातारी न्यूयॉर्कला निघाली आहे. मुलगी तेथें नटी होण्यासाठीं धडपडते आहे, तिला समजावून परत आणावयाचें आहे. पलीकडे एक गोरी बाई येऊन बसते. ती स्वतः नटी, विचारांनीं उदार, काळ्यांविषयीं कळवळा बाळगणारी. म्हातारी धीर करून विचारते, माझ्या मुलीसाठीं कांहीं कराल काय? गोरी बाई आनंदानें कबूल होते. माझ्या ओळखीच्या एका दिग्दर्शिकेच्या घरीं मोलकरणीची जागा आहे, म्हणते! म्हातारी मग गाडीत बसत नाहीं. प्रवासाचे पैसे मुलीला पाठवून देते आणि प्रयत्न सोडूं नकोस म्हणून कळविते.

कोणी मेलें नाहीं, कोणी कोणाच्या अंगावर हात टाकला नाहीं, कोणी अपशब्द उच्चारला नाहीं. त्या गोऱ्या बाईला आपण कांहीं वाईट बोललों असेंही वाटलेलें नाहीं. एवढ्याशा प्रसंगांत बाईंनीं जें दाखविलें तें दहा फांशांनीं दिसलें नसतें, असें आमचें मत आहे. दुष्टाला ओळखणें सोपें असतें. सज्जनाच्या सौजन्यांत दडलेला हिशेब उघडा करणें अवघड, आणि बाईंची सारी प्रतिभा या अवघड कामीं खर्च झाली आहे.

‘ट्रबल इन माइंड’ हें याच प्रतिभेचें पक्व फळ. विलेटा मेयर ही मध्यम वयाची काळी नटी. तिचा जन्म मोलकरणी आणि दाया यांच्या भूमिका करण्यांत गेला. त्या भूमिकांचीं नांवें एक तर फुलांचीं, नाहीं तर रत्नांचीं, यावरून तालमींत थट्टाही चालते. एका नव्या नाटकाची तालीम सुरू आहे. नाटक गोऱ्या लेखकाचें, दिग्दर्शक मॅनर्स हाही गोरा, आणि विषय उदात्त: जमावाच्या हत्येचा निषेध! तरुण काळ्या मुलानें मत देण्याचा हक्क बजावला म्हणून जमाव त्याच्या जिवावर उठला आहे. आणि त्याची आई, म्हणजे विलेटाची भूमिका, त्याला घरांतून निघून स्वतःला स्वाधीन कर म्हणून सांगते, आणि तो वाटेंत मारला जातो. मॅनर्स विलेटाला सांगतो, भूमिकेचें सत्य आंतून शोध. ती बिचारी खरोखरच शोधूं लागते, आणि तिला सत्य सांपडतें तें हें कीं, कोणतीही आई असें करणार नाहीं. आपल्या मुलाला जमावाच्या तोंडीं कोणती आई देईल? ती मॅनर्सला उलट विचारते, तुम्ही आपल्या मुलाला पाठविलें असतें काय? आणि त्या एका प्रश्नासरशी त्या सुसंस्कृत, उदारमतवादी माणसाच्या तोंडून निघून जातें कीं माझ्या मुलाची आणि त्या मुलाची बरोबरी होऊं शकत नाहीं. तालीम तेथेंच मोडते.

या प्रसंगाआधीं शेल्डन नांवाचा एक म्हातारा काळा नट बोलतो. हा जन्मभर मान डोलावून पोट भरणारा. त्यानें कधीं कोणाला दुखविलेलें नाहीं. जमावानें केलेली हत्या आम्हां कोणी पाहिली आहे काय, असा विषय निघतो, आणि हा हळूच सांगतो कीं लहानपणीं मीं पाहिली आहे. हत्येवरच्या नाटकाची तालीम कित्येक दिवस चालली आहे. ज्यानें हत्या डोळ्यांनीं पाहिली तो माणूस त्याच खोलींत बसला आहे. आणि त्याला कोणीं विचारलेलें नाहीं. दिग्दर्शक म्हणून बाईंची नजर किती धारदार होती हें पाहावयाचें असेल तर ही एक जागा पुरे.

नाटकाचा शेवट काय? विलेटाची नोकरी बहुधा गेलीच. तरीही आपण दुसऱ्या दिवशीं तालमीला येणार, असें ती ठरविते. सारे निघून जातात. रिकाम्या रंगमंचावर ती आणि नाट्यगृहाचा म्हातारा आयरिश दरवान, एवढींच उरतात; दरवान ध्वनियंत्रावरच्या टाळ्या सुरू करतो आणि ती बायबलांतील एक स्तोत्र म्हणते. कोणाचें मन पालटलें नाहीं, कोणी क्षमा मागितली नाहीं.

हाच शेवट चालकांना नको होता. १९५५ सालीं हें नाटक ज्या ग्रीनिच म्यूज नाट्यगृहांत झालें, त्यास एक ख्रिस्ती चर्च आणि ज्यूंचें सिनॅगॉग यांचा आश्रय होता. म्हणजे तेथें वर्णद्वेष्टे बसले होते असें मुळींच नव्हे. भलीं माणसें होतीं. त्यांनीं शेवट समेटाचा करा म्हणून आग्रह धरला. क्लॅरिस टेलर या सहकारी नटीबरोबर बाई स्वतःच दिग्दर्शन करीत होत्या. नट ताटकळलेले, प्रयोगाची तारीख जवळ आलेली. त्यांनीं ऐकलें. शेवट बदलला. ९१ प्रयोग झाले. पुढें आपल्या या माघारीचा त्यांना पश्चात्ताप झाला. ब्रॉडवेचे निर्माते आले तेव्हां पुन्हां तोच पाढा सुरू झाला. हें बदला, तें मवाळ करा, नांवही दुसरें द्या. बाईंनीं पुष्कळ दिवस पुनर्लेखन केलें, आणि अखेर नाहीं म्हटलें. प्रयोग रद्द झाला. पुढें १९७१ सालीं नाटक छापलें गेलें तें त्यांच्या मूळच्या, कडू शेवटासह.

काय गमावलें याचा हिशेब वाचकांनीं करावा. १९५७ सालीं हें नाटक ब्रॉडवेवर आलें असतें तर तेथें नाटक होणारी पहिली काळी स्त्री म्हणून बाईंचें नांव इतिहासांत गेलें असतें. तो मान १९५९ सालीं लॉरेन हॅन्सबेरी यांना ‘ए रेझिन इन द सन’ या नाटकानें मिळाला. नांव गेलें, पैसा गेला, आणि ब्रॉडवेवर एकदां गेलेल्या नाटककाराला पुढच्या नाटकाच्या वेळीं जें दार अर्धें उघडें मिळतें तेंही गेलें.

आतां प्रतिपक्ष काय म्हणतो तें पाहूं. पहिला आक्षेप असा कीं, नाटक ही एकट्याची कला नव्हे. नट, चालक, प्रेक्षक या सर्वांशीं मिळतें घ्यावें लागतें, आणि जो घेत नाहीं त्यानें कादंबरी लिहावी. तत्त्व म्हणून हें आम्हांस मान्य आहे. पण हें बाईंना कोणीं शिकवावें? ज्या स्त्रीनें तळघरांत पडदे ओढण्यापासून दिग्दर्शनापर्यंत सारीं कामें केलीं तिला रंगभूमीचा व्यवहार कळत नव्हता, असें म्हणणाराच्या धारिष्टाची कमाल आहे. प्रवेश लांबला, कापा. पात्रें फार झालीं, कमी करा. विनोद पडतो, बदला. असल्या सूचना त्यांनीं आयुष्यभर मानल्या असतील. येथें मागणी निराळी होती. गोऱ्या चालकांना रुचेल अशा असत्यापुढें मान न तुकविणाऱ्या नटीचें हें नाटक. आणि त्याच नाटकाच्या लेखिकेला सांगण्यांत आलें कीं गोऱ्या प्रेक्षकांना रुचेल अशा असत्यापुढें मान तुकवा! बाईंनीं शेवट बदलला असता तर विलेटाचें प्रत्येक वाक्य खोटें ठरलें असतें. हें मिळतें घेणें नव्हे. सोनाराकडे दागिना घडवावयास टाकावा आणि त्यानें सोनें काढून घेऊन घाट तेवढा सुबक करून द्यावा, तशांतला हा प्रकार आहे.

दुसरा आक्षेप अधिक चतुर आहे. हॅन्सबेरी दोनच वर्षांनीं ब्रॉडवेवर गेल्या, त्यांचे ५३० प्रयोग झाले. तेव्हां दार बंद नव्हतें, चिल्ड्रेसबाईंचा हट्टच नडला, असें कांहीं जण सुचवितात. एका सुनेचें कौतुक करून दुसरीला टोमणा मारण्याची ही जुनी घरगुती रीत आहे, आणि तिची आम्हांस चीड येते. या दोघी प्रतिस्पर्धी नव्हत्या. पॉल रोबसन यांच्या ‘फ्रीडम’ या पत्रांत दोघींनींही लेखन केलें. हॅन्सबेरींचें नाटक थोरच आहे. परंतु त्याच्या शेवटीं ते काळें कुटुंब गोऱ्यांच्या वस्तींतील नव्या घरीं राहावयास निघतें, आणि तेथें पुढें काय वाढून ठेवलें आहे हें लेखिकेनें मनांत आणलें असलें तरी प्रेक्षकाला तें मनांत न आणण्याची मोकळीक राहते. टाळ्या वाजवून तो सुखानें घरीं जाऊं शकतो. ‘ट्रबल इन माइंड’ ती मोकळीक देत नाहीं, कारण त्याचें भांडण त्या प्रेक्षकाशींच आहे. तेव्हां एक दार उघडलें यावरून दुसरें उघडें होतें असें सिद्ध होत नाहीं; कोणासाठीं उघडलें आणि काय बाहेर ठेवून आंत या म्हटलें, हें पाहावें लागतें.

तिसरा आक्षेप कला आणि प्रचार यांचा. हा वाद आपल्याकडेही कलेसाठीं कला कीं जीवनासाठीं कला या रूपानें इतका झाला आहे कीं वाचक कंटाळले असतील, म्हणून एवढेंच म्हणतों: प्रचार शोधावयाचाच असेल तर तो त्या गोड शेवटांत शोधावा. सज्जन माणसें क्षणांत सुधारतात, एका तालमींत सारा समाज शहाणा होतो, यापरता उघडा प्रचार कोणता? बाईंनीं जो मॅनर्स रंगविला आहे तो राक्षस नाहीं. तो थकलेला आहे, संसारांत पोळलेला आहे, पैशाच्या विवंचनेंत आहे, कामांत कुशल आहे. प्रचारकाला असा माणूस लिहितां येत नाहीं.

राहिला ‘विस्मृती’चा प्रश्न. बाई १९५७ नंतर गप्प बसल्या होत्या काय? त्यांच्या ‘वेडिंग बँड’ या नाटकांत १९१८ सालचें चार्ल्स्टन आहे. काळी शिवणकाम करणारी जूलिया आणि गोरा पाववाला हर्मन यांचें प्रेम दहा वर्षें टिकलेलें. कायदा लग्न करूं देत नाहीं. आणि गांवांत इन्फ्लुएंझाची सांथ. तें १९६६ सालीं मिशिगन विद्यापीठांत झालें, आणि न्यूयॉर्कला आणावयास १९७२ साल उजाडलें. तेव्हां बाई व जोसेफ पॅप या दोघांनीं तें बसविलें. १९७४ सालीं तें दूरचित्रवाणीवर गेलें, तर कित्येक केंद्रांनीं दाखविण्याचें नाकारलें. अफूपासून निघणाऱ्या हेरॉइनच्या नादीं लागलेल्या तेरा वर्षांच्या मुलाची त्यांची कादंबरी १९७३ सालीं निघाली. ती न्यूयॉर्कजवळच्या आयलंड ट्रीज येथील शालेय मंडळानें शाळांच्या ग्रंथालयांतून काढावयास लावलेल्या पुस्तकांत होती, आणि त्या पुस्तकांचा खटला १९८२ सालीं अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. सरकारच्या गुप्त पोलिसांनीं तर त्यांच्या नांवाची स्वतंत्र फाईल उघडली होती. ज्या लेखिकेचें नाटक केंद्रें बंद करतात, पुस्तक शालेय मंडळ काढून टाकतें आणि हालचाली पोलीस टिपून ठेवतात, तिला लोक विसरले होते म्हणावें? इतकी आठवण भल्याभल्यांच्या वांट्याला येत नाहीं!

२०२१ च्या प्रयोगाबद्दल आम्हांस आनंदच आहे. ज्यांनीं तो केला त्यांनीं शेवटास हात लावला नाहीं, हें त्यांचें श्रेय आहे. आमचें भांडण त्यांच्याशीं नाहीं, त्यावर लिहिणारांशीं आहे. ज्या गोड शेवटाला बाईंनीं नाटकांत नकार दिला, तोच हे लोक आतां त्यांच्या आयुष्याला चिकटवीत आहेत. आणि या खेपेस नाहीं म्हणावयास त्या हयात नाहींत. ज्याला लिहावयाचें असेल त्यानें लिहावें कीं १९५७ सालीं अमुक मागण्या झाल्या, त्या मान्य केल्या नाहींत म्हणून नाटक रोखलें गेलें, आणि लेखिकेच्या मरणानंतर २७ वर्षांनीं, जेव्हां त्या मागण्या करणारे कोणी उरले नाहींत आणि नकार देणारीही उरली नाहीं, तेव्हां तें झालें. ‘वेडिंग बँड’ २०२२ सालीं पुन्हां रंगभूमीवर आलें, तेंही ब्रुकलिनमध्यें, ब्रॉडवेपासून नदीपलीकडे. त्याचा शेवटही गोड नाहीं.